दोन बोटं सैल

१

धाकटीला नोकरी लागली ती नेमकी नदीपलीकडच्या हॉस्पिटलात, आणि पूल मोठ्या गाड्यांना बंद झाला तोही नेमका त्याच महिन्यात. बस गेली. उरल्या दुचाक्या, सायकली आणि ज्यांचे पाय धड आहेत अशी माणसं. हॉस्पिटलच्या आवारात नर्सना राहायला खोल्या होत्या, आणि धाकटी उठता-बसता त्या खोल्यांचा विषय काढायला लागली. जायचं तिच्याही मनात नव्हतं. घरात कोणीतरी ‘जाऊ नकोस’ असं तोंडाने म्हणावं, एवढीच तिची माफक अपेक्षा होती. पण या घरात असलं काही तोंडाने म्हणायची पद्धत नव्हती.

थोरली म्हणाली, पण आपल्या पद्धतीने. ती शिवणकामाच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायची, आणि तिची माया काय ती पाना हातात घेतल्यावरच बाहेर यायची.

“बाबांची मोटरसायकल शेडमध्ये नुसती सडतेय,” ती म्हणाली. “चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट गेलेत, बाकी इंजिन ठणठणीत आहे. बदलून टाकते. मग रोज मीच सोडत जाईन तुला.”

“मागे बसवून?” धाकटीने विचारलं.

“मग काय टाकीवर बसवू?”

धाकटी हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. “बाबांनी शेवटच्या वर्षात एकदाही बसवलं नाही मला. कॉलेजची बॅग घेऊन फाटकाशी उभी राहायचे मी. अख्खी सीट रिकामी, आणि म्हणे जागा नाही. मी काय एवढी नकोशी झाले होते का गं?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर न बघताच म्हटलं, “असते एकेकाची तऱ्हा. आता त्याचं काय घेऊन बसलीस.”

थोरलीने तेव्हाच मनाशी ठरवलं, की ही पोरगी या घरातून जाणार नाही, आणि ज्या सीटवरून तिचं मन दुखावलं त्याच सीटवर तिला आपण रोज बसवून नेणार.

२

शेड म्हणजे मागच्या अंगणात भिंतीला टेकवून उभा केलेला पत्र्याचा आडोसा. गाडी आत जुन्या चादरीखाली होती. बाबा गेले तेव्हा तिला ओरखडासुद्धा आला नव्हता. पुलाच्या मध्यावर गाडी व्यवस्थित उभी केलेली, आणि बाबा बाजूला कठड्याला पाठ अगदी घट्ट लावून बसलेले. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. कोणा भल्या माणसाने गाडी ढकलत घरी आणून दिली, आणि तेव्हापासून ती तिथेच होती.

शनिवारी दुपारी थोरलीने बाह्या वर केल्या. गाडी डबल स्टँडवर चढवायला गेली, तर ती काही केल्या चढेना. स्टँडवर पाय दिला, मागचं हँडल धरलं, सगळा जोर लावला. गाडी जरा उचलली जायची आणि पुन्हा खाली बसायची.

“बसून बसून सुटलीस की काय गं,” ती गाडीला म्हणाली, आणि दात-ओठ खाऊन एकदाची चढवली. पाठीतून कळ आली. ही गाडी तिने कॉलेजात असताना एका हाताने चढवलेली होती. पण तेव्हाची पाठ आणि आताची पाठ यांत फरक पडायचाच.

क्लिप काढली, चेनचं लॉक सोडवलं, तशी चेन ओघळून जमिनीवर पडली. गंजलेली, वंगण वाळून काळंठिक्कर पडलेलं, आणि ओढून बघितली तर रबरासारखी लांब होत होती. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या चाकाचे, दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले होते. पुढच्याचे तर निम्मे झिजून गेलेले. थोरली चुकचुकली. बाबांसारखा गाडीला जिवापाड जपणारा माणूस, आणि चेनची ही दशा.

मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे फूटरेस्ट तिला त्यानंतर दिसले. त्यांचं रबर पार झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं, आणि ते लोखंडही गुळगुळीत होतं. बाबांच्या पायाखालच्या पुढच्या फूटरेस्टवर मात्र रबराच्या रेघा अजून शाबूत होत्या.

रबर जुनं होतं, विरलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. मग पुढचं का विरलं नाही, हा प्रश्न पडायच्या आत तिने स्प्रॉकेटचे नट सोडवायला घेतले.

३

पार्टवाल्याने जुनं स्प्रॉकेट हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि उजेडात फिरवून बघितलं.

“डबलसीट फार चालवली का हो ताई?”

“छे. आमचे वडील एकटेच चालवायचे.”

“मग मागे काही सामान वाहायचे? पोती-बिती?”

“डबा न्यायचे जेवणाचा.”

“डब्याने दात असे वाकत नाहीत,” पार्टवाला म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. थोरलीला हसू आलं नाही. त्याने नवीन चेन आणि दोन स्प्रॉकेट काउंटरवर ठेवली. कोऱ्या चेनला कारखान्यातल्या ग्रीसचा वास होता. “मागचे शॉकअपही बघून घ्या. रोज माणूस बसवून बसवून दबले असतील.”

“सांगितलं ना, कोणी बसत नव्हतं म्हणून.” तिचा आवाज जरा चढलाच.

“बरं बरं, नसेल बसत. मी आपलं चेन बघून बोललो.”

घरी येताना ती उगाचच झपाझप चालली. एवढ्याशा बोलण्याने आपल्याला राग का यावा, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

४

नवीन स्प्रॉकेट बसली, चेन चढली, लॉकची क्लिप नीट दिशेने बसवून पकडीने दाबली. आता राहिला तो ताण.

चेनच्या ताणाबद्दल बाबांचा एक नियम होता आणि दोघी बहिणींना तो बाराखडीच्या आधी पाठ होता. रिकामी गाडी जमिनीवर उभी करायची आणि खालच्या बाजूला चेनच्या मधोमध बोट लावून वर उचलायची. दोन बोटं वर गेली पाहिजे. कारण माणूस बसला की गाडी मागून दबते आणि चेन ताणली जाते. आधीच घट्ट ठेवली तर मग तुटते. बाबांचा नुसत्या बोटांवरही भरवसा नव्हता. ते एका पोरीला मागे बसवायचे आणि पुन्हा बघायचे. ‘चला, वजन कोण होणार?’ असं त्यांनी अंगणातून विचारलं, की दोघी धावत सुटायच्या आणि कोणाची पाळी यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. शेवटच्या वर्षात मात्र तो खेळ त्यांनी बंद केला होता.

थोरलीने गाडी स्टँडवरून उतरवली, साईड स्टँडवर उभी केली आणि ताण लावला. दोन बोटं, बरोब्बर. एक्सेलचे नट आवळले, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघितलं. घरात जाऊन हात धुतले, चहाचा कप घेतला आणि आपलं काम पुन्हा एकदा डोळे भरून बघायला शेडमध्ये आली.

चेन तारेसारखी ताठ झाली होती.

तिने कप खाली ठेवला आणि बोट लावलं. चेन हलेना. नट सरकले म्हणावेत तर खुणा जागच्या जागी होत्या. चेन कुठे आखडली म्हणावी तर आज दुपारपर्यंत ती दुकानात कोरी पडून होती. तिने सीट दाबून बघितली. सीट खाली जायला तयार नव्हती, कारण ती आधीच खाली गेलेली होती. मागच्या दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगा दबून बसल्या होत्या.

म्हणजे शॉकअप अडकलेत, आणि एवढं साधं आपल्याला आधी सुचलं नाही. तिला खरंच बरं वाटलं. तिने तेलाची बाटली आणली आणि उकिडवी बसून दांड्यांवर थेंब थेंब सोडायला लागली. डावं बोट चेनखालीच राहिलं होतं.

तेव्हा चेन हळूच सैल पडली, आणि पुन्हा ताणली गेली. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस जरा उठून, बूड हलवून, पुन्हा नीट बसतं, तेवढाच वेळ लागला त्याला.

थोरली उठली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन थांबली. अडकलेला शॉकअप असाच धक्क्याने सरकतो, मशीनवर काम करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको, असं तिने स्वतःला सांगितलं. चहा शेडमध्येच राहिला होता. तो आणायला ती गेली नाही.

५

पण चैन कुठली पडायला. रविवारी सकाळपासून तिने एक काम धड केलं नाही. भाजी चिरायला घ्यायची आणि सुरी ठेवून शेडकडे जायची. चेन ताठ. अंघोळीला निघायची आणि वाटेत पुन्हा शेड. चेन ताठ. आई म्हणाली, “एका जागी बस गं, माझं डोकं गरगरायला लागलं.”

शेवटी तिने गाडी बाहेर काढली. चालवल्याने शॉकअप मोकळे होतील, हे कारणही तयार होतं. इंजिनाने पहिल्याच किकला साथ दिली, आणि क्षणभर ती सगळं विसरली. बाबांच्या गाडीचा आवाज तिने किती दिवसांनी ऐकला होता.

गल्ली ओलांडेपर्यंत चेनचा आवाज सुरू झाला. ताणलेली चेन सूर काढते. बारीक, रडका, तोंड मिटून कण्हल्यासारखा. ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागत होता. दुकानांच्या वळणावर तिने गाडी कलवली, तर गाडी आधी तिच्याबरोबर आलीच नाही, आणि मग जास्तच आली. पहिल्यांदा मागे बसणारी माणसं असंच करतात. वळताना ताठ राहतात आणि मग घाबरून अंग टाकतात.

वळण पार झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण टाकीला चिकटून बसलोय. गुडघे हँडलला लागत होते. एवढी लांबलचक सीट, आणि ती वीतभर जागेत. शेवटच्या वर्षात बाबा असेच बसायचे. चालत्या गाडीवरून पुढे पडाल एक दिवस, म्हणून दोघींनी त्यांची चेष्टा केली होती.

मागे सरकायचं तिने ठरवलं. सरकली मात्र नाही. पाठीला काही लागलं असंही नाही, नुसतं सरकायचं जिवावर आलं. तशीच अवघडून ती घरी आली. गाडी शेडमध्ये लावली आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

“बाबा?” तिने हळूच विचारलं. “तुम्ही आहात का?”

विचारल्यावर तिला एकदम धीर आला. बाबाच असतील तर घाबरायचं काय कारण? उलट बरंच की. गाडी सुरू झाली, पोरी बसणार, म्हणून आले असतील. तिने सीटवरून हात फिरवायला पुढे केला, आणि तो अर्ध्यावरच राहिला.

बाबा कधी मागे बसत नसत. उभ्या आयुष्यात ते कोणाच्या मागे बसले नव्हते. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायचीच नाही, हा त्यांचा हेका होता. बाबा पुढे, टाकीला चिकटून, धाकटीला फाटकाशी उभी ठेवून एकटे जायचे. मग फूटरेस्टचं रबर कोणाच्या पायांनी झिजलं?

६

“हे बघ,” दुपारी थोरली धाकटीला म्हणाली, “तू ती खोली घे.”

धाकटी उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली. “काय?”

“गाडी बरोबर नाही. शॉकअप गेलेत. मी ती विकून टाकते, नाहीतर भंगारात देते. तू आपली खोलीवर राहा, सुट्टीला येत जा.”

“सकाळी चालवून आलीस की तू. मी खिडकीतून बघितलं.”

“एकटीने चालवायला ठीक आहे.”

“असं.” धाकटीचा आवाज बसला. “एकटीने. म्हणजे मागे माझ्यासाठी जागा नाही.”

“तसं नाही गं—”

“तसंच आहे. बाबाही हेच करायचे. तोंडाने ‘नको’ म्हणायचं नाही, नुसतं निघून जायचं. निदान त्यांनी मला खोली तरी शोधायला सांगितली नाही.” डोळे भरले होते तिचे, आणि रागाने नाक लाल झालं होतं. “मी एक दिवसाआड आरशासमोर उभी राहून विचार करायचे, की माझं काय चुकलं. ते गेले आणि विचारायचं राहून गेलं. आता तू सांग. माझं काय चुकलं?”

काय सांगणार? बाबा तुला टाळत नव्हते, तुला वाचवत होते, असं? आणि कशापासून, असं तिने विचारलं तर? हे बोलून दाखवायचं म्हणजे आधी ते खरं मानायचं. मशीन दुरुस्त करणारी बाई, झिजलेलं रबर आणि ताठ चेन एवढ्या भांडवलावर बहिणीला हे सांगणार होती?

“तुझं काही चुकलं नाही,” ती कशीबशी म्हणाली.

“मग दाखव. आत्ता बसते मी. काय होतंय बघू.”

आणि थोरली चप्पल शोधेपर्यंत धाकटी मागच्या दाराने बाहेर पडलीसुद्धा. दाराच्या पायरीवर आई पाय पसरून तांदूळ निवडत होती. तिने पाय आवरून लेकीला वाट दिली. थोरलीही तिच्यामागून धावली.

७

धाकटीने गाडी शेडमधून अंगणात ओढली, टांग टाकली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून तिने गाडी तोलून धरली आणि हनुवटी वर केली. “झालं? पडलं का आभाळ? बघ तुझा तो ताण.”

थोरली खाली बसली. बघायचं नव्हतं तिला, पण बोट आपोआप चेनखाली गेलं. धाकटी बसायच्या आधी चेन ताठ होती. आताही तेवढीच ताठ होती. धाकटीच्या वजनाने तिच्यात केसाचाही फरक पडला नव्हता.

“तुला…” थोरलीने वर बघितलं. “तुला बसायला नीट जागा आहे ना?”

“ऐसपैस आहे. का?”

“काही नाही. उतर आता.”

“मला नेणार का ते सांग आधी.”

“नेते. उतर म्हणते ना.”

धाकटी उतरली. ती उतरली आणि गाडी मागून वर आली, सावकाश, कण्हत, धाकटीसारख्या काडी पैलवानाच्या मानाने फारच वर आली. थोरलीच्या बोटावर चेन मऊ पडली आणि झुलली. तिने वर उचलून बघितली. दोन बोटं. तिने सीट दाबली, सीट दबली आणि वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली.

“सुटला!” थोरली ओरडली. हसू फुटलं तिला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “अगं, अडकला होता शॉकअप. तू बसलीस आणि सुटला. एवढंच होतं बघ. मी मूर्ख, काय काय मनात आणलं.”

“उद्या सोडशील ना मग?”

“उद्या काय, रोज सोडेन. खोलीचं नाव काढलंस तर तंगडी मोडेन.” आणि मग, या घराच्या पद्धतीच्या पार विरुद्ध जाऊन, ती म्हणाली, “जाऊ नकोस गं कुठे. मला करमणार नाही.”

धाकटीने तिच्या ग्रीसने माखलेल्या हाताची पर्वा न करता तो धरला, दाबला आणि सोडला. मग डोळे पुसत ती घराकडे निघाली. थोरली तिच्याकडे मन भरून बघत राहिली.

पायरीशी धाकटी आली, आईने पाय आवरले. धाकटी आत गेली. आईने पाय तसेच पोटाशी धरून ठेवले, तांदळातला हातही थांबला. दुसऱ्या एखाद्या माणसाला पायरी चढून दारातून आत जायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती तशीच अंग चोरून बसली. मग तिने पाय पसरले आणि तांदूळ निवडायला लागली.

“आई,” थोरली म्हणाली. “तू पाय का धरून ठेवलेस?”

“कधी?” आई म्हणाली. तिने वर बघितलं नाही.

घरातून धाकटीच्या गुणगुणण्याचा आवाज आला. नंतर तिच्या खोलीतली खाट करकरली, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा करकरली.

थोरलीने वाकून चेनला बोट लावलं. सैल होती. तिने डोळे मिटले, मनातल्या मनात विनवलं, आणि पुन्हा बोट लावलं. सैलच होती. बाबांनी ही सीट वर्षभर कोणाला का दिली नाही, आणि बसवून ताण बघायचा त्यांचा तो खेळ त्यांनी का बंद केला होता, ते तिला आता लख्ख कळलं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. आपण बहिणीला त्या सीटवर बसू दिलं आणि स्वतःच्याच तोंडाने उतर म्हणून सांगितलं.

ती गाडीवर चढली आणि टाकीला चिकटून, मागे भरपूर जागा सोडून बसली. मग हात मागे नेऊन तिने रिकाम्या सीटवर हलकेच थोपटलं.

“ये ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “इथे बस. मी नेते तुला, कुठे म्हणशील तिथे.”

पायरीवर आईने सुपातले तांदूळ पाखडायला घेतले. गाडी मागून जराही दबली नाही.